रविवारची सुट्टी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे

रविवार हा सुट्टीचा वार, ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती कोणी मिळवली, कधी मिळवली आणि तिच्यासाठी कोणाला काय सोसावे लागले, हा प्रश्न आपल्या मनात सहसा येत नाही. इंग्रज राज्यकर्ते ख्रिस्ती होते, म्हणून त्यांनी आपल्या रिवाजाप्रमाणे रविवारची सुट्टी ह्या देशाला देऊन टाकली, असा समज आपल्या ख्रिस्ती बंधुभगिनींमध्येही सर्रास आढळतो. सरकारी कचेऱ्या आणि न्यायालये ह्यांच्यापुरता तो समज खराही आहे. परंतु मुंबईच्या कापडगिरण्यांत राबणाऱ्या हजारो मजुरांच्या वाट्याला तो रविवार कधी आलाच नव्हता. साहेबाची कचेरी बंद असे, त्याच दिवशी गिरणीचा भोंगा मात्र वाजत असे. ज्या दिवशी साचे थांबत, त्या दिवशीही यंत्रांच्या साफसफाईसाठी मजुराला हजर राहावे लागे. गिरणी कामगाराला रविवारची हक्काची सुट्टी मिळाली ती १८९० साली, आणि ती त्याने स्वतः संघटित होऊन मिळवली. ह्या संघटनेचे अग्रणी होते नारायण मेघाजी लोखंडे. भारतीय कामगार चळवळीचे जनक म्हणून त्यांचे नाव आज आदराने घेतले जाते.

लोखंडे ह्यांचे सारे कार्य मुंबईत घडले. शिरूर अनंतपाळ आणि आसपासच्या मुलखाशी त्यांचा प्रत्यक्ष संबंध आला नाही. त्यांच्या काळात हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि ब्रिटिश हिंदुस्थानचे कारखानाविषयक कायदे येथे लागू नव्हते. तरीही त्यांचे चरित्र येथील वाचकांनी आवर्जून वाचावे असे आहे. ज्यांच्यासाठी त्यांनी देह झिजवला ती माणसे आपल्यासारख्याच कोरडवाहू गावांतून पोटासाठी बाहेर पडलेली होती. आजही दसरा-दिवाळी सरली की लातूर-नांदेडच्या अनेक गावांतील घरांना कुलपे लागतात. कोणी ऊसतोडीला जातो, कोणी वीटभट्टीवर, कोणी पुणे-मुंबई-हैदराबादच्या बांधकामावर. घर सोडून परमुलखात राबणाऱ्या माणसाला न्याय कसा मिळवता येतो, ह्याचा पहिला धडा लोखंडे ह्यांनी घालून दिला.

बालपण आणि नोकरी

नारायणरावांचा जन्म १८४८ साली ठाणे येथे एका गरीब फुलमाळी कुटुंबात झाला. त्यांचे मूळ गाव पुणे जिल्ह्यातील कन्हेरसर. म्हणजे लोखंडे कुटुंब हेही गाव सोडून शहराच्या आश्रयाला आलेलेच होते. घरची परिस्थिती बेताची असतानाही त्यांनी इंग्रजी शिक्षण घेतले. त्यानंतर रेल्वे आणि टपाल खात्यात त्यांनी काही काळ नोकरी केली व पुढे मुंबईच्या मांडवी भागातील एका कापडगिरणीत ते भांडारपाल म्हणून लागले. ही नोकरी तशी सुखाची होती. हातात लेखणी होती, बसायला जागा होती आणि वेळेवर वेतन होते. पण ह्याच जागेवरून त्यांना रोज गिरणीच्या आतील जग दिसू लागले, आणि जे दिसले त्याने त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली.

मुंबईत पहिली कापडगिरणी कावसजी दावर ह्यांनी १८५४ साली स्थापन केली होती. पुढील पंचवीस-तीस वर्षांत गिरण्यांची संख्या झपाट्याने वाढली. त्यांत काम करण्यासाठी रत्नागिरी, सातारा, पुणे, अहमदनगर अशा जिल्ह्यांतून माणसे येऊ लागली. १८७६ ते १८७८ ह्या काळातील भीषण दुष्काळाने दख्खनच्या शेतकऱ्याचे कंबरडे मोडले. त्याने बैल विकले, दागिने गहाण टाकले आणि शेवटी त्याने मुंबईची वाट धरली.

मुंबईत त्याची गाठ पडे ती मुकादमाशी. कामावर घेणे, काढून टाकणे, दंड करणे, वेळप्रसंगी कर्जाऊ पैसे देणे, हे सारे मुकादमाच्या हाती असे. मालक मजुराला ओळखत नसे आणि मजुरालाही मालक माहीत नसे. काम दिवस उगवताना सुरू होई आणि मावळेपर्यंत चाले, त्यामुळे उन्हाळ्यात तेरा-चौदा तास भरत. दुपारच्या भाकरीसाठी ठरलेली सुट्टी नसे. साचा चालू ठेवूनच चार घास पोटात ढकलावे लागत. कापसाचे तंतू नाकातोंडात जात. पगार एक-दोन महिने थकलेला असे, त्यामुळे मजूर गिरणी सोडूनही जाऊ शकत नसे. यंत्रात हात सापडला तर तो हातही गेला आणि नोकरीही गेली, असा सरळ हिशेब होता.

सत्यशोधक विचार आणि ‘दीनबंधु’

२४ सप्टेंबर १८७३ रोजी जोतीराव फुले ह्यांनी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली. पुढच्याच वर्षी, १८७४ मध्ये, लोखंडे ह्या चळवळीत आले. माणसाने माणसाला हीन लेखू नये आणि कष्टकऱ्याने आपल्या दुःखाची कारणे स्वतः शोधावीत, ही फुल्यांची शिकवण त्यांच्या मनात खोलवर रुजली. फुल्यांनी शेतकऱ्याच्या दैन्याकडे समाजाचे लक्ष वेधले. गावातून उखडलेला तोच शेतकरी गिरणीत मजूर होऊन कसा पिळला जातो, हे पाहून त्याच्या बाजूने उभे राहण्याचे काम लोखंडे ह्यांनी अंगावर घेतले.

सत्यशोधक विचारांचे ‘दीनबंधु’ हे पत्र कृष्णराव भालेकर ह्यांनी १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यात सुरू केले होते. पैशाअभावी ते चालवणे त्यांना कठीण झाले. १८८० साली लोखंडे ह्यांनी ते मुंबईला आणले आणि आयुष्याच्या अखेरपर्यंत सांभाळले. मुंबईत स्थायिक झालेल्या तेलुगू सत्यशोधक मंडळींनी ह्या कामी त्यांना मोठे साहाय्य केले. बांधकामाच्या कंत्राटांवर पुढे आलेले हे लोकही मुळात स्थलांतरितच होते, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

‘दीनबंधु’मुळे गिरणी कामगाराच्या तक्रारीला प्रथमच छापील अक्षरांचे बळ मिळाले. चाळीत किंवा खानावळीत ज्याला वाचता येई त्याने पत्र वाचावे आणि बाकीच्यांनी ऐकावे, असा तो काळ होता. कामाचे तास, दंड, थकलेला पगार, अपघात ह्या गोष्टी आपल्या एकट्याच्या नशिबाचा भोग नसून सर्व गिरण्यांत हेच चालले आहे, हे मजुराला त्यातून कळू लागले. संघटनेची सुरुवात बहुधा अशीच होते.

१८८४ : पहिली संघटना, पहिले निवेदन

कारखान्यांसाठी कायदा असावा, असा आग्रह सोराबजी शापुरजी बंगाली ह्या पारशी सुधारकाने १८७८ च्या सुमारासच धरला होता. १८८१ साली हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा झाला. परंतु तो मुख्यतः लहान मुलांपुरताच होता. सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवू नये, बारा वर्षांपर्यंतच्या मुलांकडून दिवसाला नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये आणि त्यांना महिन्यातून चार सुट्ट्या द्याव्यात, एवढेच त्यात होते. मोठी माणसे आणि स्त्रिया ह्यांना त्याने कोणतेच संरक्षण दिले नाही.

ह्या कायद्याचा फेरविचार करण्यासाठी मुंबई सरकारने १८८४ साली एक आयोग नेमला. आयोगापुढे मालक बोलणार, अधिकारी बोलणार, डॉक्टर बोलणार. ज्याच्याविषयी हे सारे चालले आहे त्या कामगाराची बाजू कोण मांडणार? लोखंडे ह्यांनी नेमकी हीच संधी ओळखली. सप्टेंबर १८८४ मध्ये परळच्या परिसरात त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या. ‘बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन’ ही कामगारांची संघटना त्यांनी ह्याच काळात स्थापन केली आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन आयोगाला सादर केले.

त्यातील मागण्या पाच होत्या. सर्व कामगारांना रविवारी पूर्ण सुट्टी मिळावी. दुपारी अर्धा तास विश्रांती असावी. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे. महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. कामावर असताना जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे आणि तो कायमचा अपंग झाला तर त्याच्या चरितार्थाची सोय व्हावी. ह्या मागण्यांत अवास्तव असे एकही कलम नाही. वेतनवाढीची मागणीसुद्धा त्यात नाही. विसावा, ठरलेली वेळ, वेळेवर मोबदला आणि अपघातात आधार एवढेच त्यांनी मागितले. माणसाला यंत्राचा भाग न समजता माणूस समजावे, हा त्या पाचही मागण्यांचा गाभा होता.

ह्या संघटनेकडे सभासदांची नोंदवही नव्हती, वर्गणी नव्हती आणि लिखित घटनाही नव्हती. म्हणून काही अभ्यासक तिला आजच्या अर्थाने कामगार संघटना म्हणत नाहीत. त्या अर्थाची पहिली संघटना म्हणून १९१८ साली स्थापन झालेल्या मद्रास लेबर युनियनचे नाव घेतले जाते आणि संघटनांना कायद्याची मान्यता तर १९२६ साली मिळाली. पण अक्षरशत्रू, कर्जबाजारी, मुकादमाच्या धाकात वावरणाऱ्या हजारो माणसांनी एका कागदावर सही-अंगठा करावा, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. प्रत्येक सहीमागे नोकरी जाण्याचे भय होते.

महालक्ष्मीची सभा आणि १० जून १८९०

१८८४ च्या निवेदनाने लगेच काही पदरात पडले नाही. सहा वर्षे गेली. ह्या काळात लोखंडे ह्यांना दोन्हीकडून विरोध सोसावा लागला. गिरणीमालक तर विरोधात होतेच. पण देशी उद्योगाचे हितचिंतक म्हणवणारे अनेक सुशिक्षितही कारखाना कायद्याला विरोध करीत. त्यांची शंका अगदीच निराधार नव्हती. इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरणीमालकांना मुंबईच्या गिरण्यांची स्पर्धा खुपत होती, म्हणून हिंदुस्थानातील कामाचे तास कमी व्हावेत असे त्यांनाही वाटत होते. तेव्हा कामगारांची बाजू घेणारा तो परक्यांच्या सोयीचे करतो, असा आरोप सहज करता येत असे. लोखंडे ह्यांनी ह्या आरोपाने आपली दिशा बदलली नाही. लँकेशायरचा हेतू काहीही असो, परळच्या मजुराचा थकवा खरा होता आणि त्यांनी त्याच्यावरच नजर ठेवली.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्स मैदानावर त्यांनी गिरणी कामगारांची प्रचंड सभा भरवली. सुमारे दहा हजार कामगार जमले. ह्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. ज्या काळात प्रतिष्ठित घरांतील स्त्रीलाही चार माणसांसमोर बोलण्याची मुभा नव्हती, त्या काळात गिरणीत राबणाऱ्या बायका दहा हजारांच्या सभेत उभ्या राहिल्या, ही घटना आपल्या इतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहावी अशी आहे. रविवारच्या सुट्टीची मागणी ह्या सभेने एकमुखाने केली आणि ती गिरणीमालकांच्या संघाकडे पाठवण्यात आली.

मराठी मुलखातील कष्टकरी रविवारला खंडोबाचा वार मानतात, ख्रिस्ती जगात तो प्रभूचा दिवस आहे. कामगाराच्या दृष्टीने मात्र तो आठवड्यातून एकदा आपली मुले उजेडात पाहण्याचा दिवस होता. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने कामगारांना आठवड्याची सुट्टी देण्याचे मान्य केले.

त्याच वर्षी सरकारने नवा कारखाना आयोग नेमला. त्याच्या मुंबईतील कामात सहयोगी सभासद म्हणून लोखंडे ह्यांना घेण्यात आले. सहा वर्षांपूर्वी जो माणूस दाराबाहेर निवेदन घेऊन उभा होता, तो आता आत बसून साक्षी ऐकत होता. १८९१ साली नवा कायदा झाला. त्याने आठवड्याची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती कायद्यात आणली. स्त्रियांचे काम दिवसाला अकरा तासांवर आणले, नऊ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली आणि चौदा वर्षांखालील मुलांचे काम सात तासांवर आणले. प्रौढ पुरुषांच्या तासांना मर्यादा मात्र घातली गेली नाही. कापडगिरण्यांत ती बारा तासांवर येण्यासाठी १९११ साल उजाडावे लागले.

एक योगायोग येथे नमूद करावासा वाटतो. त्याच १८९१ साली, १५ मे रोजी, पोप तेरावे लिओ ह्यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ हे श्रमिकांविषयीचे परिपत्रक प्रसिद्ध केले आणि न्याय्य वेतन, विश्रांती व संघटना हे कामगाराचे हक्क असल्याचे सांगितले. रोम आणि परळ ह्यांना एकमेकांची वार्ता नव्हती. तरीही कारखान्यांच्या नव्या युगाने माणसाची जी दैना केली होती, ती दोन्ही ठिकाणी एकाच वेळी कोणाच्या तरी जिवाला लागली होती.

कामगारापलीकडचा माणूस

लोखंडे ह्यांची करुणा गिरणीच्या दारात थांबली नाही. त्या काळी विधवा स्त्रियांचे केशवपन करण्याची क्रूर प्रथा होती. १८९० साली त्यांनी मुंबईतील न्हाव्यांना एकत्र केले आणि आपण हे काम करणार नाही असा निर्धार न्हाव्यांनी केला. एखाद्या अन्यायाविरुद्ध व्याख्यान देण्यापेक्षा, तो अन्याय ज्यांच्या हातून घडवला जातो त्यांचेच हात थांबवावेत, ही त्यांची रीत येथेही दिसून येते.

ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांची भीषण दंगल झाली. गिरणगावातील मजूरही तीत ओढले गेले. एकाच साच्यावर काम करणारी माणसे एकमेकांच्या जिवावर उठली, तर संघटना कसली आणि हक्क कसले? लोखंडे दोन्ही समाजांत फिरले, त्यांना एकत्र बसवले आणि सलोखा घडवून आणण्यासाठी झटले. सरकारने पुढे त्यांना रावबहादूर हा किताब दिला.

प्लेग आणि मृत्यू

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला तो मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस ह्यांनी. पाहता पाहता साथीने सारे शहर व्यापले. सर्वांत जास्त झळ बसली ती चाळींतून दाटीवाटीने राहणाऱ्या कामगारांना. लाखो लोक मुंबई सोडून गावाकडे पळाले. ज्यांना जाता येत होते ते गेले. गरीब, आजारी आणि निराधार मागे राहिले.

लोखंडे गेले नाहीत. पन्नाशीच्या उंबरठ्यावर असलेल्या ह्या माणसाने रोग्यांसाठी मराठा हॉस्पिटल उभे करण्यात पुढाकार घेतला आणि शुश्रूषेच्या कामात स्वतःला झोकून दिले. त्याच सेवेत त्यांना प्लेगची लागण झाली. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर महिनाभराने, १० मार्च १८९७ रोजी, सावित्रीबाई फुले ह्यांनीही पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना देह ठेवला. सत्यशोधकांनी शिकवलेली माणुसकी त्यांनी अशी शेवटच्या श्वासापर्यंत पाळली.

पुढे दीर्घ काळ लोखंडे ह्यांचे नाव विस्मृतीत गेले होते. अलीकडच्या काळात त्यांच्या कार्याची दखल घेतली जाऊ लागली. मुंबईत परळ येथील राज्य शासनाच्या श्रम विज्ञान संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले आणि २००५ साली भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

आपल्या फडापर्यंत न पोचलेला रविवार

लोखंडे ह्यांच्या पाच मागण्या हातात घेऊन आपल्याकडच्या ऊसतोडीच्या फडात गेलो, तर काय दिसते? मुकादम आजही आहे. हंगामापूर्वी त्याच्याकडून उचल घ्यायची आणि नवरा-बायकोच्या जोडीने, म्हणजे एका कोयत्याने, ती फेडायची. पहाटे काम सुरू होते. रात्री-अपरात्री गाडी आली की ऊस भरायचा. आठवड्याची सुट्टी नाही. आजारपणामुळे एक दिवस बुडाला तर खाडा धरून पैसे कापले जातात. २०१९ मध्ये शासनाच्या समितीने शेजारच्या बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची माहिती घेतली, तेव्हा त्यांतील १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढून टाकलेली आढळली. विसावा नसलेल्या, खाड्याच्या धाकातल्या कामाची ही किंमत आहे.

गिरणी कामगाराला एक सोय होती. तो एका छपराखाली काम करी आणि त्याचा मालक कोण, हे ठरलेले होते. ऊसतोड मजूर शेकडो फडांत विखुरलेला असतो. त्याचा मालक कारखाना की मुकादम, ह्या वादातच त्याचा हंगाम संपतो. तरीही एकजुटीचा मार्ग त्यालाही बंद नाही. संघटनांनी हंगामाच्या तोंडावर केलेल्या संपांमुळेच तोडणीचे दर वेळोवेळी वाढले. २०२४ च्या जानेवारीत ३४ टक्के वाढीचा करार झाला तोही संघटनांच्या दबावामुळेच. साप्ताहिक सुट्टी आणि आजारपणातील खाडा हे प्रश्न मात्र अजून मार्गी लागायचे आहेत.

त्यासाठी लोखंडे ह्यांनी जे केले ते आजही करता येण्याजोगे आहे. गावातून कोणकोणती कुटुंबे, कोणत्या मुकादमाबरोबर, कोणत्या कारखान्याला गेली, ह्याची नोंद ठेवावी. उचल किती, फेडली किती, टन किती, खाडे किती, हे रोजच्या रोज लिहून घ्यावे. ज्याला लिहिता येत नाही त्याला शिकलेल्या तरुणांनी मदत करावी. तक्रार एकट्याने न करता दहा-वीस कुटुंबांनी मिळून सह्यांनिशी करावी. आणि स्त्रियांना त्या बैठकीत बोलू द्यावे. महालक्ष्मीच्या मैदानावर त्या १८९० सालीच बोलल्या होत्या.

९ फेब्रुवारी हा लोखंडे ह्यांचा स्मृतिदिन ऐन गळीत हंगामात येतो. त्या दिवशी आपल्या गावातील कितीतरी माणसे फडात असतात. गावात राहिलेल्या आपण सर्वांनी त्या दिवशी निदान त्यांची नावे एका वहीत लिहून काढावीत आणि हंगाम संपवून ती परत येतील तेव्हा त्यांच्यासोबत बसून हिशेब मांडावा. नारायणरावांचे काम जेथे थांबले, तेथून पुढे चालण्याची ती सुरुवात ठरेल.